सॉल्ट मार्शच्या गाळातून जुनी समुद्रपातळी कशी काढावी: जागेच्या निवडीपासून शेवटच्या हिशेबापर्यंत

सॉल्ट मार्श म्हणजे भरतीच्या पाण्याखाली अधूनमधून जाणारी गवताळ खारी दलदल. समुद्र हळूहळू वर चढत असेल तर ती गाळ आणि मुळांचा पीट (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर) साठवत त्याच्याबरोबर वर येते. तिच्या पोटातला गाळ वाचून गेल्या दोन-तीन हजार वर्षांतली समुद्रपातळी काढता येते. मात्र बहुतेक नवखे एकाच ठिकाणी फसतात. १.३४ मीटर खोलीवर जुना पीट सापडला की 'तेव्हा समुद्र १.३४ मीटर खाली होता' असे लिहून मोकळे होतात. तो पीट समुद्रपातळीवर साचलेला नसतो, तिच्या काही अंतर वर साचलेला असतो. हे अंतर किती आणि त्यात चूक किती, हे ठरवण्यासाठीच पुढचा सगळा खटाटोप आहे.

उदाहरणासाठी अमेरिकेतल्या कनेटिकट राज्याचा किनारा घेतला आहे. तिथल्या बार्न आयलंड आणि गिलफर्डजवळच्या ईस्ट रिव्हर या दलदलींवर हे काम नीट झालेले आहे आणि तिथला जाड, सलग पीट शिकण्यासाठी आदर्श आहे. कोकण आणि गोव्यात काय बदलते, ते शेवटी दिले आहे.

टप्पा १ : जागा, परवानगी आणि सामान

दलदलीत उंचीनुसार पट्टे असतात. कनेटिकटमध्ये खाडीच्या काठाला, रोज बुडणाऱ्या भागात स्पार्टिना अल्टर्निफ्लोरा हे उंच गवत असते. त्याच्या वर, फक्त मोठ्या भरतीला भिजणाऱ्या सपाटीवर स्पार्टिना पेटन्स, डिस्टिक्लिस स्पिकाटा आणि जुन्कस जेरार्डी यांची दाट गादी असते. जमिनीच्या कडेला फ्रॅग्मायटीजचे बोरू आणि आयव्हाची झुडपे लागतात. आपल्याला हवा तो मधला, वरच्या दलदलीचा पट्टा. त्याची उभी व्याप्ती अरुंद असल्यामुळे तिथल्या पीटवरून काढलेल्या उंचीत चूक कमी येते.

जागा निवडताना भरती-ओहोटीतला फरक आधी पाहा. या पद्धतीची अचूकता साधारणपणे त्या फरकाच्या १० ते १५ टक्के असते. फरक २ मीटर असेल तर २०–३० सेमीची चूक गृहीत धरा, अर्धा मीटर असेल तर ५–७ सेमीची. म्हणूनच नॉर्थ कॅरोलायनातल्या पामलिको साउंडसारख्या अतिशय कमी भरतीच्या जागा या कामाला सोन्यासारख्या, आणि कॅनडातल्या फंडीच्या उपसागरासारख्या प्रचंड भरतीच्या जागा अवघड.

जागेचा मानवी इतिहासही तपासा. न्यू इंग्लंडमधल्या बहुतेक दलदलींत १९३०च्या दशकात डास मारण्यासाठी समांतर चर खणले गेले. बार्न आयलंडला १९४०च्या दशकात काही भागांवर बांध घालून पाणी अडवले गेले. चराच्या काठावर उपसलेल्या मातीचा ढीग असतो. तिथे कोअर (जमिनीतून उभा काढलेला गाळाचा दंडगोल) घेतला तर वरचे २०–३० सेमी उलटसुलट येतात. जुने हवाई फोटो पाहून चर, बांध आणि भराव नकाशावर आखून घ्या.

सोबत न्यायचे सामान:

- १ मीटर लांब, सुमारे ३ सेमी व्यासाचा गूज ऑगर (गाळात दाबून नमुना काढायची अर्धगोल नळी) आणि १-१ मीटरचे वाढीव दांडे
- ५० सेमी कप्प्याचा रशियन कोअरर
- उभे अर्धे चिरलेले पीव्हीसी पाइप, क्लिंग फिल्म, पक्क्या शाईचे मार्कर
- ऑटो लेव्हल किंवा टोटल स्टेशन, स्टाफ (उंची मोजायची खुणांची उभी काठी), सर्व्हे-दर्जाचा जीएनएसएस रिसीव्हर (उपग्रहांवरून स्थान आणि उंची देणारा)
- स्टाफखाली ठेवायला ३० × ३० सेमीची प्लायवूडची फळी
- ३.५७ सेमी आतल्या व्यासाची धातूची कडी (१ सेमी खोल दाबली की बरोबर १० घन सेमी नमुना)
- घट्ट झाकणाच्या बाटल्या, इथेनॉल, रोझ बेंगाल हा रंग
- पाण्याच्या पातळीचे दोन लॉगर (आपोआप नोंद ठेवणारी यंत्रे) आणि हवेच्या दाबाचा एक

ऑगस्ट–सप्टेंबरात जा. गवत फुलोऱ्यावर असते, ओळख सोपी जाते. दिवस भांगाचे निवडा. उधाणाला वरची दलदल पाण्याखाली जाते आणि काम अर्धवट सोडावे लागते. गोचिडांपासून जपा, त्यांच्यामुळे होणाऱ्या लाइम रोगाला नाव दिलेले गाव याच किनाऱ्यावर आहे. पायजम्याचे पाय मोज्यात खोचा आणि संध्याकाळी अंग तपासा.

सावधान: कोअर भारतात न्यायचा विचार असेल तर आधीच थांबा. आयात मातीवर भारतात २००३च्या वनस्पती विलगीकरण आदेशानुसार निर्बंध आहेत. अमेरिकेत बाहेरून माती नेतानाही परवाना लागतो. नमुन्यांवरचे काम कुठे होणार हे कोअर काढण्यापूर्वी ठरलेले असावे.

टप्पा २ : उंचीचा पाया

हा टप्पा सगळ्यात कंटाळवाणा आहे आणि सगळ्यात जास्त काम इथेच बिघडते. पुढच्या प्रत्येक आकड्यात इथली चूक तशीच उतरते, म्हणून घाई करू नका.

१. दलदलीच्या कडेला खडक किंवा काँक्रीटवर तात्पुरता बेंचमार्क (उंची मोजायची पक्की खूण) ठोका. मऊ जमिनीत खुंटी मारून तिला बेंचमार्क समजू नका. ती खचते.

२. त्या बेंचमार्कवर जीएनएसएस रिसीव्हर ठेवून स्थिर निरीक्षण घ्या. दोन तास ही किमान मर्यादा. चार तासांहून जास्त आणि दोन वेगवेगळ्या दिवशी घेतले तर उभी चूक कळते. अमेरिकेत ही फाइल 'ओपस' या सरकारी ऑनलाइन सेवेकडे पाठवता येते.

३. रिसीव्हर देतो ती लंबवर्तुळापासूनची, म्हणजे पृथ्वीच्या गणिती आकारापासूनची उंची. जिऑइड (गुरुत्वावरून काढलेली समुद्रसपाटी) मॉडेल लावून ती राष्ट्रीय उंची-पातळीवर आणा. अमेरिकेत ती एनएव्हीडी ८८. दोन्ही उंचींतला फरक या किनाऱ्यावर सुमारे ३० मीटर असतो, त्यामुळे इथली गफलत लगेच दिसते. खरी अडचण येते ती निम्मे बिंदू एका जिऑइड मॉडेलने आणि निम्मे दुसऱ्याने बदलले तर. तेव्हा फरक काही सेंटीमीटरांचाच असतो आणि कुणाच्या लक्षात येत नाही.

४. बेंचमार्कपासून लेव्हलिंग करत सर्व बिंदू घ्या आणि पुन्हा बेंचमार्कवर येऊन लूप बंद करा. छोट्या लूपमध्ये फरक १ सेमीच्या आत यायला हवा. नाही आला तर ती चूक बिंदूंवर वाटून टाकू नका, लूप पुन्हा करा.

५. पीटवर स्टाफ थेट टेकवला तर दोन-तीन सेमी रुततो, आणि प्रत्येक ठिकाणी वेगळा. फळी ठेवा, स्टाफ तिच्यावर उभा करा, फळीची जाडी वजा करा. गवताच्या गुच्छावर न ठेवता दोन गुच्छांमधल्या मातीवर ठेवा.

६. आता ही उंची भरतीशी जोडा. राष्ट्रीय उंची-पातळी म्हणजे तिथली सरासरी समुद्रपातळी नव्हे. मुंबईत पावसाळ्यात '४.५ मीटरपेक्षा मोठी भरती' असा इशारा येतो, तो आकडा चार्ट डेटमपासूनचा, म्हणजे सागरी नकाशांवरच्या खालच्या ओहोटीच्या पातळीपासूनचा असतो. समुद्रसपाटीपासून मोजली तर तीच भरती जेमतेम २ मीटर भरते. दोन पातळ्यांची गल्लत झाली की संपूर्ण मालिका वर किंवा खाली सरकते.

दलदलीच्या मुख्य खाडीत लॉगर बसवून किमान एक महिनाभर, शक्य असेल तर जास्त, दर सहा मिनिटांनी नोंद घ्या. दाबावर चालणाऱ्या लॉगरच्या नोंदीतून हवेचा दाब वजा करायला विसरू नका. मग त्याच काळातल्या जवळच्या कायम केंद्राशी, इथे न्यू लंडन किंवा ब्रिजपोर्टशी, तुलना करून मध्य पातळी (भरती-ओहोटीच्या मधली) आणि सरासरी उच्चतर भरती (दिवसातल्या मोठ्या भरतींची सरासरी) काढा. अमेरिकी भरती-पातळ्या १९८३–२००१ या १९ वर्षांच्या सरासरीवर बेतलेल्या आहेत. चंद्राच्या १८.६ वर्षांच्या चक्रामुळे इतका काळ धरावा लागतो. एका महिन्याच्या लॉगरची थेट सरासरी 'समुद्रपातळी' म्हणून वापरू नका.

तपासणी: हातातल्या वहीत एकच तक्ता असावा: बेंचमार्क, मध्य पातळी, सरासरी उच्चतर भरती, सर्वोच्च खगोलीय भरती, सगळे एकाच संदर्भ-पातळीत. हा तक्ता भरल्याशिवाय तिसऱ्या टप्प्याला हात लावू नका.

टप्पा ३ : आजच्या पृष्ठभागाचे नमुने

दलदलीत फोरॅमिनिफेरा (थोडक्यात फोरॅम) नावाचे एकपेशीय जीव राहतात. त्यांची सूक्ष्म कवचे गाळात टिकतात आणि जातींचे प्रमाण उंचीनुसार बदलते. १९७८ मध्ये स्कॉट आणि मेडिओली यांनी 'नेचर'मध्ये हे उभे पट्टे समुद्रपातळी मोजायला वापरता येतात हे दाखवले. वरच्या दलदलीत जडामिना मॅक्रेसेन्स, ट्रोकॅमिना इन्फ्लेटा, टिफोट्रोका कॉम्प्रिमाटा आणि हॅप्लोफ्रॅग्मॉइडीस. खालच्या दलदलीत मिलिअमिना फुस्का. चिखलाच्या उघड्या सपाटीवर अमोनिया, एल्फिडियम यांसारख्या चुन्याच्या कवचाच्या जाती. जडामिनाला आता एन्ट्झिया म्हणतात. जुने आणि नवे लेख एकत्र वाचताना हे ध्यानात ठेवा, नाहीतर एकच जात दोनदा मोजली जाईल.

खाडीपासून झुडपांच्या पलीकडच्या जमिनीपर्यंत रेषा आखा. बिंदू अंतराने न घेता उंचीने घ्या, दर ३ ते ५ सेमी उंचीला एक. दर १० मीटरला एक बिंदू घेतला तर सपाट भागातून वीस सारखे नमुने मिळतात आणि उतारावर, जिथे खरा बदल होतो तिथे, एकच. रेषा इतकी वर न्या की शेवटच्या दोन-तीन नमुन्यांत एकही फोरॅम सापडू नये. ती वरची हद्द स्वतःच एक मौल्यवान खूण आहे. एका दलदलीची एक रेषा पुरत नाही. खारटपणा वेगवेगळा असलेल्या, शक्यतो वेगवेगळ्या दलदलींमधल्या तीन-चार रेषा घ्या, कारण जुना गाळ आजच्याच खारटपणात साचला असेल याची खात्री नसते.

प्रत्येक बिंदूवर कडी १ सेमी दाबून नमुना घ्या, ७० टक्क्यांहून तीव्र इथेनॉलमध्ये लिटरला सुमारे २ ग्रॅम रोझ बेंगाल घालून त्यात ठेवा. द्रावण नमुन्याच्या घनफळाइतके तरी असावे. किमान दोन आठवडे तसेच राहू द्या. रोझ बेंगालने जिवंत पेशीद्रव्य गुलाबी होते. आपण मोजणार मेलेली कवचे. जिवंतांचे प्रमाण ऋतूनुसार हेलकावे खाते, मेलेल्यांत अनेक वर्षांची सरासरी साठते, आणि गाडल्या गेलेल्या गाळात शेवटी तीच सापडतात.

सावधान: बिंदूवर उभे राहून नमुना घेऊ नका. दोन पावलांत पृष्ठभाग दबतो आणि त्याच बिंदूची लेव्हल नंतर घेतलीत तर चुकते. आधी लेव्हल, मग नमुना, मग वनस्पतींची नोंद.

टप्पा ४ : धुणे आणि मोजणी

नमुना ५०० आणि ६३ मायक्रॉनच्या चाळणीतून हलक्या पाण्याच्या धारेखाली धुवा. वरच्या चाळणीत मुळे राहतात, त्यांना चिकटलेली कवचे झटकून घ्या. ६३ वर राहिलेला भाग मोजायचा. तो आठ कप्प्यांच्या ओल्या विभाजकात घालून समान वाटण्या करा आणि एक-एक पूर्ण वाटणी संपवत जा. अर्धी वाटणी मोजून १०० झाले म्हणून थांबलात तर मोठी, हलकी कवचे कमी-जास्त मोजली जातात.

नमुना वाळवू नका. दलदलीतली कवचे कणांना सेंद्रिय गोंदाने जोडून बनलेली असतात. वाळली की पीटच्या तंतूंशी गुठळी होते आणि पातळ भिंतीची जडामिना चिरडते. पाण्याने भरलेल्या मोजणीच्या ताटलीत, थोडे इथेनॉल टाकून मोजा.

जाती कमी असल्यामुळे नमुन्यामागे १०० मेलेली कवचे सहसा पुरतात. चाळीसच्या आत सापडली तर तो नमुना गणितात घेऊ नका, पण नोंद ठेवा. ओळखीत सातत्य हवे. मोजणारे दोन असतील तर सुरुवातीचे दहा नमुने दोघांनीही मोजा आणि आकडे समोरासमोर ठेवा. संदर्भ स्लाइडचा एक संच टेबलावर कायम ठेवा. हॅप्लोफ्रॅग्मॉइडीसच्या जाती वेगळ्या करता येत नसतील तर सगळ्याच नमुन्यांत एकत्र मोजा. काही ठिकाणी वेगळ्या आणि काही ठिकाणी एकत्र, हे चालणार नाही.

टप्पा ५ : उंची आणि जातींचे नाते गणितात आणणे

अनेक दलदलींचे नमुने एकत्र करायचे तर प्रत्येकाची भरती वेगळी, म्हणून उंची प्रमाणित करावी लागते:

निर्देशांक = १०० + १०० × (नमुन्याची उंची − मध्य पातळी) ÷ (सरासरी उच्चतर भरती − मध्य पातळी)

म्हणजे मध्य पातळीला १०० आणि सरासरी उच्चतर भरतीला २०० येतात. काही लेखांत सर्वोच्च खगोलीय भरती वापरतात. कुठलीही चालेल, पण सगळ्या जागांना तीच.

मग 'ट्रान्सफर फंक्शन', म्हणजे जातींच्या प्रमाणावरून उंची काढणारे सूत्र, बसवा: भारित सरासरी किंवा तिचे आंशिक लघुतम वर्ग रूप. 'आर' या संगणक भाषेतले 'रिओजा' पॅकेज किंवा 'सी२' हे सॉफ्टवेअर यासाठी रूढ आहे. सूत्रात दुसरा घटक घ्यायचा तो पडताळणीतली चूक ५ टक्क्यांहून जास्त कमी होत असेल तरच. अधिक घटक घेतले की आलेख सुंदर दिसतो आणि भाकित बिघडते.

पडताळणी एकेक नमुना वगळून करताना शेजारचे नमुने एकमेकांसारखे असल्याने चूक खोटी कमी दिसते. एक संपूर्ण दलदल वगळून तिची भाकिते काढा, खरा आकडा तिथे कळतो. शिल्लक चुकांचा उंचीसमोर आलेख काढायला विसरू नका. टोकांना, म्हणजे सर्वांत वरच्या आणि खालच्या नमुन्यांत, या पद्धती मध्याकडे झुकतात. तुमचा कोअर जर पट्ट्याच्या अगदी वरच्या टोकाचा असेल तर त्याची जुनी उंची थोडी कमी दाखवली जाईल.

टप्पा ६ : थर आधी, कोअर नंतर

पहिल्याच भोकात मोठा कोअर काढण्याचा मोह आवरा. गूज ऑगरने दर २०–३० मीटरला भोक पाडत दोन आडव्या-उभ्या रेषांत थर नोंदवा: रंग, तंतू, वाळू, कुजण्याचे प्रमाण, वनस्पतींचे ओळखू येणारे अवशेष, थराची सीमा तीव्र की हळू. हवी ती जागा तिथेच, जिथे वरच्या दलदलीचा पीट पृष्ठभागापासून हिमयुगीन वाळूपर्यंत किंवा खडकापर्यंत सलग असेल. मध्ये करडा चिखल किंवा अचानक तीव्र सीमा असेल तर तिथे गाळ वाहून गेलेला किंवा खाडी सरकलेली असण्याची शक्यता आहे.

मुख्य कोअरसाठी रशियन कोअरर वापरा. तो बंद तोंडाने खाली जातो आणि अर्धा वळसा देऊन बाजूने गाळ कापतो, त्यामुळे दाब कमी पडतो. त्याचे टोक खालचे १० सेमी तरी ढवळते. म्हणून एका भोकातून ०–५० काढल्यावर ४०–९० शेजारच्या, ३०–४० सेमी अंतरावरच्या भोकातून काढा, मग पुन्हा पहिल्यातून. प्रत्येक तुकड्याची वरच्याशी १० सेमी सरमिसळ ठेवा आणि थर जुळतात का पाहा. वरचे २०–३० सेमी तंतूंनी विस्कटतात, तो भाग फावड्याने चौकोनी ठोकळा कापून घेतलेला बरा.

पाइपमध्ये ठेवताना 'वर' आणि 'खाली' दोन्ही टोकांवर लिहा, खोली पृष्ठभागापासून लिहा, क्लिंग फिल्मने घट्ट गुंडाळा आणि अंधारात ४ अंश सेल्सिअसला ठेवा. गोठवू नका. पाणी फुगून थर फाटतात आणि सेंटीमीटरचा हिशेब जातो.

तपासणी: भोकाची मोजलेली खोली आणि कोअरची लांबी यांत फरक आहे का? असेल तर तो तुकडा टाकून पुन्हा काढा. कोअर दाबला गेला की 'सम प्रमाणात ताणून' दुरुस्ती करण्याचा सल्ला मिळतो, तो ऐकू नका. चिखल आणि पीट सारखे दबत नाहीत.

कोअरच्या तोंडाची लेव्हल कोअर काढण्याआधी घ्या. नंतर तिथे खड्डा उरतो.

टप्पा ७ : वय

कोअर १ सेमी जाडीच्या चकत्यांत कापा, बाहेरचा पातळ थर खरवडून टाका. एक भाग फोरॅमसाठी, एक कालमापनासाठी, एक ५५० अंशांवर चार तास जाळून सेंद्रिय भाग काढण्यासाठी.

कार्बन-१४ साठी सगळा पीट जाळून वय काढू नका. त्यात वरून आलेली कोवळी मुळे आणि वाहून आलेला जुना कार्बन दोन्ही मिसळलेले असतात. त्यासाठी हवे ते जमिनीखाली काही सेंटीमीटरच वाढणारे आडवे खोड, डिस्टिक्लिसचे, जुन्कसचे किंवा स्पार्टिना पेटन्सचे, जागच्या जागी आडवे पडलेले. उभी मुळे टाळा. ती वरच्या पृष्ठभागावरून खाली उतरलेली असतात आणि वय कोवळे दाखवतात. निवडलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली ऊर्ध्वपातित पाण्यात ब्रशने स्वच्छ करा, आत घुसलेली बारीक मुळे चिमट्याने ओढून काढा, ४०–५० अंशांवर वाळवा, काचेच्या कुपीत ठेवा. काही मिलिग्रॅम पुरतात. आडवे खोड पृष्ठभागाच्या किंचित खाली वाढते, तेवढी दुरुस्ती खोलीत करा.

गेल्या तीनशे वर्षांत कार्बन-१४ एकटा कामाचा नाही. १६५० ते १९५० दरम्यान वातावरणातला कार्बन-१४ असा वरखाली झाला की एका मोजणीला तीन-चार संभाव्य वये निघतात. नेमका हाच काळ समुद्र वेगाने चढायला लागला त्याचा. म्हणून इथे वेगळ्या खुणा जोडा:

- शिसे-२१०: अर्धायुष्य सुमारे २२ वर्षे, शेवटच्या १००–१५० वर्षांसाठी
- सीझियम-१३७: अणुचाचण्यांचा उच्चांक १९६३. आम्लधर्मी पीटमध्ये सीझियम सरकते, म्हणून एकट्यावर विसंबू नका
- शिशाचे प्रदूषण: अमेरिकेत शिसेयुक्त पेट्रोलचा उच्चांक १९७०च्या दशकात
- अँब्रोझिया या तणाच्या परागांची एकदम वाढ: युरोपीय वसाहतींनी जंगल तोडून शेती सुरू केल्याची खूण

सगळ्या खुणा 'बेकन' किंवा 'बीक्रॉन'सारख्या वय-खोली मॉडेलमध्ये एकत्र घाला. कार्बन वयांतले '०' म्हणजे १९५० साल, हे मॉडेलला सांगायला विसरणारे आजही भेटतात. दोन खुणांमधल्या बिंदूंतून पट्टीने सरळ रेषा ओढून 'वेग वाढला' असे म्हणू नका. खूण जिथे आहे तिथेच वेग बदललेला दिसतो, तो रेषेचा दोष असतो.

टप्पा ८ : समुद्रपातळीचा हिशेब

आता कोअरमधल्या जातींवरून ट्रान्सफर फंक्शन प्रत्येक चकतीची जुनी उंची देते. उदाहरणादाखल आकडे घ्या: मध्य पातळी −०.१० मी., सरासरी उच्चतर भरती ०.७५ मी., कोअरचे तोंड ०.८५ मी., चकती १.३४ मी. खोल, तिचा निर्देशांक २०५.

- चकतीची आजची उंची: ०.८५ − १.३४ = −०.४९ मी.
- मध्य पातळीपासून: −०.४९ − (−०.१०) = −०.३९ मी.
- साचताना मध्य पातळीच्या वर: (२०५ − १००) ÷ १०० × ०.८५ = ०.८९ मी.
- जुनी सापेक्ष समुद्रपातळी: −०.३९ − ०.८९ = −१.२८ मी.

खोली थेट समुद्रपातळी मानली असती तर −१.३४ आली असती. इथला ६ सेमीचा फरक छोटा वाटेल, पण वर्षाला १ मिमीच्या वेगाने तो साठ वर्षांचा समुद्र आहे. कोअर खालच्या दलदलीचा असता तर हाच फरक कित्येक डेसिमीटर झाला असता.

चुका वर्गांच्या बेरजेच्या वर्गमुळाने मिळवा. ट्रान्सफर फंक्शन ९ सेमी, लेव्हलिंग २, जीएनएसएस ३, चकतीची जाडी ०.५, कोअर तिरपा जाण्याची चूक १.३ (खोलीच्या सुमारे १ टक्का) धरली तर एकूण ९.८ सेमी. सगळे आकडे एकाच सिग्माचे (चुकीच्या एकाच मापाचे) असू द्या. एक सिग्माचा आकडा दोन सिग्माच्या शेजारी बसला की बेरीज निरर्थक होते.

प्रत्येक चकतीसाठी आजच्या नमुन्यांशी साम्य तपासा. आजच्या संचातील नमुन्यांमध्ये आपसांत जितके अंतर असते त्याच्या खालच्या २० टक्क्यांत ती बसत नसेल तर तिचा आकडा वगळा. कार्बनच्या स्थिर समस्थानिकांनीही पडताळा घेता येतो. स्पार्टिना आणि डिस्टिक्लिसचा पीट सुमारे −१२ ते −१५ प्रति हजार दाखवतो, जुन्कस आणि फ्रॅग्मायटीजचा −२५च्या आसपास. फोरॅम आणि समस्थानिक वेगवेगळे बोलू लागले तर थांबून पुन्हा सूक्ष्मदर्शकाकडे जा.

टप्पा ९ : दबणे, जमिनीचे खचणे आणि शेवटचा पडताळा

जाड कोअरमध्ये मधला भाग वरच्या वजनाने दबून खाली येतो. त्यामुळे जुनी समुद्रपातळी आहे त्याहून खाली दिसते आणि अलीकडची वाढ खोटी वेगवान दिसते. उपाय: उतरत्या कठीण तळावर, वाळू किंवा खडकाला टेकलेल्या पीटच्या अगदी तळाचे काही बिंदू वेगळे काढून त्यांची समुद्रपातळी काढा. त्यांच्याखाली दबायला काही नसते. ते कोअरच्या मालिकेशी जुळले तर दबण्याचा प्रश्न नगण्य.

कनेटिकटमध्ये हिमचादर वितळल्यानंतरच्या समायोजनामुळे जमीन वर्षाला सुमारे १ मिमी खचते आहे. आपण काढलेली पातळी सापेक्ष आहे, तिच्यात हे खचणे आहेच. ते वजा करून समुद्राचा भाग वेगळा दाखवायचा असेल तर दोन्ही आलेख द्या आणि कुठल्या वेगाने वजा केले ते आलेखावरच लिहा.

शेवटी कोअरचा वरचा भाग भरतीमापक नोंदींवर ठेवून पाहा. न्यू लंडनची नोंद १९३८ पासून आहे, न्यूयॉर्कमधल्या बॅटरी या ठिकाणची १८५६ पासून. जुळले नाही तर आधी टप्पा २ मधला तक्ता उघडा. बहुतेक वेळा गुन्हेगार तिथेच सापडतो.

कोकण आणि गोव्यात करायचे असल्यास

इथे गवताळ वरच्या दलदलीऐवजी तिवर, चिपी आणि कांदळ यांची वने आहेत. कनेटिकटचा ट्रान्सफर फंक्शन इथे लावू नका. आजच्या नमुन्यांचा संच इथलाच हवा, तोही पावसाळ्याआधी आणि नंतर असा दोनदा, कारण पावसाळ्यात खाड्यांचा खारटपणा कोसळतो. कांदळवनाची मुळे खोल जातात आणि खेकडे गाळ उलटापालटा करतात, त्यामुळे कार्बन-१४ साठी नमुना निवडताना दुप्पट काळजी घ्या. मुंबईच्या आसपास भरतीचा फरक मोठा असल्याने अचूकता कमी मिळेल. गोव्यात फरक त्यामानाने कमी, म्हणून सुरुवात तिथे करणे शहाणपणाचे. महाराष्ट्रात कांदळवनात पाऊल टाकण्याआधी वन विभागाच्या कांदळवन कक्षाची लेखी परवानगी घ्या.

अलीकडच्या काळाचा पडताळा घ्यायला मुंबईच्या अपोलो बंदरची नोंद आहे. ती १८७८ पासूनची, हिंदी महासागरातल्या सर्वांत जुन्या नोंदींपैकी एक. तिच्यापर्यंत लेव्हल जोडताना चार्ट डेटम, समुद्रसपाटी आणि बेंचमार्क हे तिन्ही आकडे वेगळे लिहून ठेवा.

गोव्यातली खाजणे (बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली शेते) आणि कोकणातल्या खारजमिनी दुरून योग्य वाटतात, पण बांधाच्या आतला गाळ घेऊ नका. तिथले पाणी मानशीच्या (बांधातल्या झडपेच्या) दारांनी सोडले-अडवले जाते. फोरॅम तिथे समुद्राच्या उंचीपेक्षा दार उघडण्याची वेळ नोंदवतात. बांधाच्या बाहेरचा, खाडीला उघडा असलेला पट्टा निवडा आणि जुन्या नकाशांवर पाहा की तो बांध कधी आतबाहेर सरकला तर नाही ना.